हाक कुमुदवहिनींनी मारली नव्हती

“हॅरोच्या एका काकू नवरा गेल्यावर आफ्रिकेत कॅम्पिंगला गेल्या होत्या... भर जंगलात त्यांना गेलेले काका दिसले! ‘अहो, थांबा ना!’ असा हंबरडा फोडून काकू थेट हत्तीच्या दिशेने धावत सुटल्या... बरोबरच्या डॉक्टरांनी त्यांना कसंबसं धरून आणलं. तेव्हापासून काकूंचं मन थाऱ्यावर नाही म्हणतात... खरं-खोटं देव जाणे!”

आपल्या मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात, अनुभवांच्या सदरात, हा मजकूर निनावी छापून आला. देवाला मध्ये घेण्याची गरज नव्हती. त्यातला डॉक्टर मी आहे, माझा फोन नंबर मंडळाच्या प्रत्येक सभासदाकडे आहे, आणि मला विचारावे असे एकालाही वाटले नाही.

आधी माझ्याविषयी. हाडांचा सर्जन म्हणून मी या देशात उभे आयुष्य काढले. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणवत नाही. मंडळात वास्तुशास्त्राचे व्याख्यान ठेवले तेव्हा भर सभेत उठून बाहेर पडलेला मनुष्य तो मीच. कमिटीतले काही जण त्यानंतर माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझे त्यावाचून अडलेले नाही.

हा खुलासा मी करमणुकीसाठी लिहीत नाही. अंकातल्या ‘काकू’ म्हणजे कुमुदवहिनी. त्या लंडनमध्ये एजवेअरला स्वतःच्या घरी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा समीर रेडिंगला असतो. आईने घर सोडून केअर होममध्ये जावे असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी तो जी कारणे देतो त्यांत ‘आफ्रिकेत मम्मीला बाबा दिसले’ हे सर्वांत वरचे आहे. पुढच्या आठवड्यात कौन्सिलची सोशल वर्कर घरी येणार आहे. तिच्या कानावर अंकातली आवृत्ती जाणार असेल, तर माझीही गेली पाहिजे.

कुमुदवहिनींचे यजमान मधुकर, म्हणजे आमचा मध्या, माझ्याच हॉस्पिटलात रेडिओग्राफर होता. मी हाडे जोडायचो, तो त्यांचे एक्स-रे काढायचा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचा डावा पाय अशक्त होता. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर वन्यप्राण्यांचे कार्यक्रम लागले की त्याला फोन केलेला चालत नसे. रिटायर झाल्यावर आपण चौघांनी ट्रकने आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग पालथा घालायचा, हा बेत त्याचा. नामिबियातून निघायचे, एतोशाचे अभयारण्य, मग बोट्स्वानातला ओकावांगोचा दलदली प्रदेश. मार्गाची चर्चा तो ऑपरेशन थिएटरबाहेरच्या कॉरिडॉरमध्येसुद्धा करी.

२००६ साली बुकिंग झाले, आणि निघण्याच्या काही महिने आधी मध्या हृदयविकाराने गेला.

मी सगळे रद्द करायला निघालो होतो. कुमुदवहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही दोघं येत नसाल तर मी एकटी जाईन. त्याची जागा रिकामी जाईल, जाऊ दे. पण मी जाणार.”

आता सुपारीचे. ‘काकू जंगलात मेलेल्या नवऱ्याला सुपारी ठेवायच्या’ अशीही एक पुरवणी मंडळात फिरते आहे. साफ खोटे. सुपारी माझ्या बायकोची, शैलाची. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये. निघावेच लागले तर सुपारी चौथी मानून बरोबर घ्यावी, आणि कुणी विचारलेच तर ‘चौघं आहोत’ असे सांगावे, ही तिच्या माहेरची रीत. हीथ्रोला तिने रुमालाच्या टोकाला सुपारी बांधलेली मी पाहिली.

“हिचा व्हिसा काढलास का?” मी विचारले.

“तुम्ही तुमचं गुडघ्यांचं बघा,” शैला म्हणाली. कुमुदवहिनी मध्या गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

ट्रकचा प्रवास ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकमध्ये बाकडी असतात, तंबू ज्याचा त्याने ठोकायचा, भाज्या सगळ्यांनी मिळून चिरायच्या, आणि धुतलेली ताटे फडक्याने न पुसता हवेत हलवून वाळवायची. बरोबर ऑस्ट्रेलियन आणि डच तरुण मुले होती. ती मला ‘डॉक’ म्हणत. कुमुदवहिनी पहाटे उठून स्वतःचा तंबू स्वतः उतरवत, घडी करून पिशवीत भरत. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाने ते काम एकदा करून दाखवावे!

माऊन गावाजवळ ट्रक सोडून आम्ही मोकोरोने आत गेलो. मोकोरो म्हणजे अरुंद डोंगी. दोन प्रवासी पुढे बसतात, मागे एक जण उभा राहून लांब काठीने ती ढकलतो. धक्क्यावरच्या बाईने विचारले, “तुमच्या फॅमिलीत किती जण?” मी तोंड उघडण्याआधीच शैला म्हणाली, “फोर.”

“शैला, ही नोंद आहे, सत्यनारायण नाही,” मी म्हणालो.

“मग काय झालं? चौथ्याचं जेवण जास्त येईल, तुम्ही खा.”

मी ती चूक दुरुस्त केली नाही. कारण इतकेच, की कुमुदवहिनी तोंड फिरवून पाण्याकडे पाहत होत्या.

बेटावर मुक्काम झाला. सकाळी तिथला गाइड थाबो आम्हाला पायी फिरवायला घेऊन निघाला. तरुण मंडळी दुसऱ्या गाइडबरोबर पुढे गेली होती. आम्ही सावकाश चालणारे म्हणून वेगळे. थाबो आम्हाला त्या दिवशीच पहिल्यांदा भेटत होता. नियम त्याने तिथेच सांगितले: एकामागे एक चालायचे, बोलायचे नाही, त्याने हात वर केला की जागच्या जागी थांबायचे, आणि काहीही दिसले तरी पळायचे नाही. पुढे थाबो, मग शैला, मग कुमुदवहिनी, शेवटी मी. माझ्या मागे कुणीही नव्हते. हे मी लिहितो आहे ते नीट वाचावे.

ऊन चढले होते. ताडांच्या झुडपातून हत्ती निघाला, इतक्या जवळ की त्याच्या सोंडेवरचा वाळलेला चिखल दिसत होता. थाबोने हात वर केला. आम्ही थांबलो. हत्तीने कान पसरले, डोके वर घेतले. शैलाने मागे हात करून कुमुदवहिनींना स्वतःच्या पाठीशी ओढून घेतले.

तेव्हा थाबो, हत्तीवरची नजर न काढता, दुसऱ्या हाताने माझ्या मागे कुणाला तरी खुणावू लागला. जवळ ये, जवळ ये! मग अगदी हलक्या आवाजात मला म्हणाला, “तुमच्या मागच्या गृहस्थांना सांगा, उघड्यावर उभे राहू नका.”

मी मागे वळलो.

मोठे वारूळ होते, आणि त्याच्या बाजूने एक मनुष्य आमच्यापासून दूर चालत निघाला होता. चेहरा मला दिसला नाही. चेहऱ्याची मला गरजही नव्हती. डाव्या पायावर भार आला की त्याची कंबर उजवीकडे खाली जाई आणि तोल सावरायला खांदा डावीकडे झुकत असे. लोकांच्या चाली बघणे हाच माझा आयुष्यभराचा धंदा. दोन लंगडी माणसे सारखी लंगडत नाहीत. हा पाय मी कॉरिडॉरमध्ये रोज पाहिलेला होता. त्याच्यावर ऑपरेशन करून घे म्हणून वर्षानुवर्षे मध्याशी भांडलो होतो. अंगात त्याचा मरून रंगाचा लोकरीचा कार्डिगन होता. त्या उन्हात.

मी ओरडलो. “मध्या! मध्या, थांब!”

आणि रांग सोडून मी त्याच्यामागे निघालो. किती अंतर गेलो ते सांगता येणार नाही. तो थांबला नाही, वळला नाही, उंच गवतात शिरला. हत्तीची मान त्याच दिशेने वळली. माझ्या आरडाओरड्याकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. कान मिटून तो त्या गवताकडे चालू लागला आणि आमच्यापासून लांब गेला. तोवर थाबोने माझा दंड पकडला होता.

अंकातल्या आवृत्तीत धावल्या त्या ‘काकू’, आणि धरून आणले ते ‘डॉक्टरांनी’. धावले ते डॉक्टर, आणि त्यांना धरून आणले ते गाइडने. शिवाय ‘अहो, थांबा ना’ हे शब्द ज्याने रचले, त्याला हे जोडपे माहीतच नाही. दोघे नागपूरला एकाच वर्गात शिकलेले. कुमुदवहिनींनी नवऱ्याला जन्मात ‘अहो’ म्हटलेले नाही. ‘मधू’ आणि ‘तू’, सासूसमोरसुद्धा.

थाबो रागावला होता आणि घाबरलाही होता. माझ्यावरचा राग मी समजू शकतो. पण तो पुन्हा पुन्हा विचारत होता, “तो दुसरा म्हातारा कुठे आहे? लोकरीचं घातलेला? माझ्या बरोबरचा माणूस हरवला तर मी काय सांगू?”

“कुणी हरवलेलं नाही,” शैला म्हणाली. “आम्ही तिघंच आहोत.”

“मॅडम, धक्क्यावर तुम्हीच तर चार सांगितलं. माझ्या यादीत चारच आहेत.”

हत्ती गेल्यावर थाबोने ती जागा पालथी घातली. वारुळाजवळच्या मऊ मातीत माझ्या बुटांचे ठसे होते आणि हत्तीचे होते. मग त्याने शोधणे थांबवले आणि आम्हाला कॅम्पवर परत नेले.

सुशिक्षित वाचकांचे स्पष्टीकरण मला ठाऊक आहे, कारण ते पहिल्यांदा मीच दिले. धक्क्यावर चौघे सांगितले म्हणून गाइडला चौघे दिसले; मला ऊन लागले, मित्र जाऊन थोडेच महिने झाले होते, मेंदूने बाकीचे भरून काढले. उत्तम! पण मग थाबोला लोकरीचा कपडा कुणी सांगितला? मी तोवर ‘मध्या, थांब’ या दोन शब्दांपलीकडे काही बोललो नव्हतो, आणि तेही मराठीत. हत्ती कुणामागे गेला? हे दोन प्रश्न मी अनेक जाणकारांना विचारले. एकाने मला ब्लड प्रेशर तपासायला सांगितले.

परत आल्यावर हे सगळे मी जसेच्या तसे सांगितले, दिवाळीच्या कार्यक्रमात, हॅरोच्या शाळेच्या हॉलमध्ये, फराळाच्या टेबलापाशी उभे राहून. धावलो मी, ओरडलो मी, हेही सांगितले. पण विधवेने हंबरडा फोडलेला लोकांना पटतो. सर्जनने फोडलेला पटत नाही. दोन-तीन वर्षांत गोष्ट तोंडातोंडी फिरली आणि माझी हाक कुमुदवहिनींच्या गळ्यात जाऊन पडली.

समीर गेल्या रविवारी माझ्याकडे आला होता. मुलगा वाईट नाही. दमलेला आहे. रेडिंगहून धावपळ करतो. आईने एकदा गॅस चालू ठेवला होता, त्याची धास्ती त्याने घेतली आहे.

“काका, मी काय ऑप्शन आहे सांगा ना. मम्मी बाबाला बघितली ना तिकडे? मॅगझीनमध्ये पण आली आहे स्टोरी.”

“गॅस माझ्याकडूनही राहतो. मला कुठे ठेवतोस?”

“काका, प्लीज. डॉक्टर म्हणून सांगा. डेड माणूस दिसणं नॉर्मल आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “म्हणून सोशल वर्करला आधी माझ्या घरी पाठव.”

त्याला वाटले मी थट्टा करतो आहे.

थट्टा नव्हती. त्या बेटावर परतल्यानंतर काय झाले ते मी त्याला सांगितले, आणि इथेही सांगतो. कुमुदवहिनी कॅम्पच्या खुर्चीत बसून होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, नक्की मधूच होता?”

“चाल त्याची होती.”

“अंगात काय होतं?”

“मरून कार्डिगन.”

“तो मी चॅरिटी शॉपला देऊन टाकला. निघायच्या आधी. कुणाला सांगितलं नव्हतं.” त्यांनी पदर नव्हता म्हणून टोपीच तोंडावर धरली. “बरा दिसत होता का? दमलेला नव्हता ना?”

तेव्हापासून आजपर्यंत, एजवेअरच्या त्यांच्या किचनमध्ये चहा टाकताना, शैलाला फोनवर, माझ्या वाढदिवसाला, त्या हेच प्रश्न विचारत आल्या आहेत. मागे वळून पाहिलं होतं का त्याने? काठी होती का हातात? केस विंचरलेले होते का? मी प्रत्येक वेळी तेच उत्तर देतो, आणि त्या प्रत्येक वेळी ऐकून घेतात, कारण त्यांना ते दुसरीकडून कळण्याची सोय नाही. आम्ही थांबलो त्या क्षणापासून थाबोने माझा दंड धरेपर्यंत त्या शैलाच्या पाठीत तोंड खुपसून, डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या. मध्याला थाबोने पाहिले, मी पाहिले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या हत्तीनेही पाहिले. कुमुदवहिनींना तो दिसला नाही.