लिंपलेली ढोली

उभी झाडं विकत घेणं हा माझा धंदा. बाभूळ, शिरस, कडुनिंब, शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे असेल ते पाहायचं, भाव ठरवायचा, परवानगीचा कागद काढायचा, तोडायचं आणि आदिलाबादला आरा मशीनवर नेऊन टाकायचं. मला हे कुणी शिकवलं नाही. पहिली कुऱ्हाडसुद्धा मी दुसऱ्याची मागून आणली होती. म्हणून भाव करताना मी कुणाचं ऐकून घेत नाही. माझा आवाज चढतो, तेही मला माहीत आहे.

कॅमेरासुद्धा घासाघिशीतूनच आला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाच्या अंगणातला शिरस मी घेत होतो. सौदा अडला, तेव्हा मी म्हटलं, तो जुना कॅमेरा वर टाक. त्यानं टाकला. घरी आणून परसात कुंपणावरच्या सरड्याकडे धरला, आणि मी तिथंच उकिडवा बसलो. त्याच्या गळ्याचा लाल रंग, पापणीच्या कडेचे बारीक मणी, त्याचा वेगवेगळ्या दिशांना फिरणारा एकेक डोळा. चाळीस वर्षं ज्याला मी खडा मारत आलो, तो असा होता. मग मला नादच लागला. सरकीच्या पोत्यातून कापूस ओढून नेणारी खार, न्हाणीच्या भिंतीवर चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण माशी, नळाखाली भांडणारे बुलबुल. सकाळचा पहिला चहा होईपर्यंत मी परसातच असायचो.

आमचा आदिलाबाद जिल्हा फुटून चार जिल्हे झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नव्या जिल्ह्याच्या नव्या दिमाखासाठी एका ठिकाणी वन्यजीवांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं. मी बारा फोटो मोठे करून नेले. तिथल्या माणसानं ते पत्त्यांसारखे पिसले आणि म्हणाला, "ये तो सब घर के पीछे का माल है, सेठ. जंगल का कुछ लाओ." अरे, वाटणीत जंगलाचा मोठा तुकडा दुसऱ्या जिल्ह्यांकडे गेला, वाघ तिकडं गेले. आमच्याकडं उरलं ते घरामागचंच ना? मी त्याला चार शब्द सुनावले आणि फोटो काखेत मारून परत आलो. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

जिल्ह्याबरोबर मंडलंही, आमच्याकडचे छोटे तालुके, नवी झाली होती. नवी ऑफिसं, म्हणून रुंद रस्ते. गुडीहत्नूरच्या पुढं एका गावाच्या रस्त्यावर खुणेचे दगड पडले आणि कडेचे शेतकरी धुऱ्यावरची झाडं विकायला निघाले. पावसाळ्याच्या आधी रस्त्याची मशीन येणार आणि सगळं फुकटात आडवं करणार, त्यापेक्षा आधीच विकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. तिथं एका म्हाताऱ्याचा कडुनिंब होता. दोघांच्या कवेत न मावणारा. चैत्र संपत आला होता.

मी उलट्या कुऱ्हाडीनं बुंध्यावर ठोकत गेलो. खाली आवाज भरीव. शिडी लावून वर ठोकलं, तर ढप्प. पोकळ. आणि तिथंच, दोन पुरुष उंचीवर, ढोलीचं तोंड मला दिसलं. चिखलानं लिंपून बंद केलेलं. लिंपण ताजं होतं.

आमच्या धंद्यात ही लबाडी सगळ्यांना ठाऊक आहे. झाड पोकळ निघालं की भाव निम्म्यावर येतो, म्हणून काही मालक ढोलीला शेणमातीचा लेप देतात, वर सालीचा तुकडा चिकटवतात. मला अशा दोघा-तिघांनी फसवलेलं आहे. माझं डोकं सणकलं.

"काका, पिकलेल्या केसांनी चोरी करता काय?" मी शिडीवरूनच ओरडलो. "ढोली लिंपून झाड इकता?"

"मी? मी कायले लिंपू? तू आंधी खाली उतर, मंग सांगतो..."

"सांगता काय! माती अजून ओली हाय!"

रस्त्याच्या पलीकडं चहाचं हॉटेल होतं. तिथली दहा-बारा माणसं उठून पाहू लागली. म्हातारा दोनदा तोंड उघडायला गेला, दोन्ही वेळा मी त्याला बोलू दिलं नाही. चोर, लबाड, जे तोंडात आलं ते बोललो. आणि त्या लेपाची खपली काढून सगळ्यांना दाखवावी म्हणून खिशातली सुरी काढून फटीत घालायला गेलो.

लेपाच्या मधोमध एक उभी फट होती, बोट जाईल एवढी. त्या फटीतून एक चोच बाहेर आली. काळपट, वाकडी, टोकाला धारदार. तिनं माझ्या सुरीच्या पात्यावर खट्कन मारलं आणि आत गेली.

मी हललो नाही. फटीच्या आत अंधार होता आणि त्या अंधारात एक डोळा. तांबूस. तो माझ्याकडं बघत होता. मी मालकाकडून भाव पाडून घ्यायला आलेला माणूस, माझ्या हातात सुरी, आणि तो डोळा मिटत नव्हता.

मी सुरी मिटून खाली उतरलो. म्हातारा म्हणाला, "धनेश हाय थो. मादी सोताले आत कोंडून घेते. नर बाहीरून माती आणून देते, थे आतून लिंपते. अंडी, पिल्लं, समदं आतच. मी हेच सांगून राह्यलो होतो." मग त्यानं शिडी उचलली. "आता जाय. ज्यानं मले चारचौघांत चोर म्हटलं, त्याले माहं झाड इकणं नाही. सोमवारी दुसरा बेपारी येते."

घरी येऊन मी चिडचिड करत बसलो. एक झाड गेलं, दुसरं मिळेल. पण दुसरा बेपारी म्हणजे कोण, ते मी ओळखून होतो. तो सोमवारी भाव ठरवणार, मंगळवारी करवत लावणार. ती आतून बाहेर येऊ शकत नाही. पिसं झडलेली असतात तिची, उडता येत नाही, हे मी त्या दिवशी एका मास्तरांना फोन करून विचारलं होतं. झाड माझ्याच हातात आलं, तरच तोडणं माझ्या हातात राहणार होतं.

माफी मी आजवर कुणाची मागितलेली नव्हती. माझीही कुणी मागितलेली नाही. रविवारी सकाळी त्या हॉटेलात गेलो. म्हातारा बाकावर बशीतून चहा पीत होता.

"काका, माहं चुकलं," मी म्हणालो.

"काय?"

"चुकलं म्हटलं!"

"असं भांडल्यावानी काऊन मागून राह्यला बाप्पा?" हॉटेलवाला म्हणाला आणि सगळे हसले. माझे कान तापले. म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "त्या दिसी रस्त्याच्या तिकडून आयकू येत होतं समद्याइले. आताबी तेवढ्याच जोरानं बोल."

मी तेवढ्याच जोरानं बोललो. काकांनी लबाडी केली नाही, लबाडी पाहायची सवय माझ्या डोळ्याला आहे, असं म्हणालो. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "च्या घे." झाड मला मिळालं. त्यानं अट एकच घातली, ती बाहेर आल्याबगर करवत लावायची नाही. ही अट घालायला मीच तर आलो होतो. पण ते त्याला सांगितलं नाही. सौद्यात सगळं सांगत नसतात.

त्यानंतरचे दोन महिने मी धंद्यात काय केलं, मला आठवत नाही. दिवस उजाडला की त्या धुऱ्यावर. नर राखाडी, लांब शेपटीचा, उडताना मध्येच पंख थांबवून खाली-वर होत यायचा. खोडाला बिलगून बसायचा आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकानं फटीत द्यायचा. वडाची फळं, उंबरं, कधी पाल, कधी टोळ. आतून चोच यायची, फळ घ्यायची, पुन्हा आत. आमच्याकडच्या वैशाखात माणूस दुपारी बाहेर पडत नाही. तो भर उन्हात चोच उघडी टाकून येतच राहायचा. एका सकाळी मी मोजलं, एका खेपेत त्यानं तेवीस फळं दिली. चोविसावं शोधायला गळा ताणला, नव्हतं. मग नुसतीच चोच फटीत घातली आणि तशीच ठेवली. हा फोटो माझ्याकडे आहे.

ज्येष्ठात मशीन गावाच्या वेशीशी आली. मी ठेकेदाराच्या माणसाशी रोज एक भांडण करायचो, "पहले उधर का निपटाओ," आणि तो मला वैतागून उधरचं निपटवायचा. आणखी चार दिवसांनी सकाळी पाहतो तर लिंपणाचा खालचा भाग फुटलेला. ती तुकडे तोडून खाली टाकत होती. आधी डोकं, मग एक पंख, मग सगळी बाहेर. मळकी, विस्कटलेली, शेपटी वाकडी झालेली. फांदीवर बसून तिनं दोन्ही पंख पसरले आणि तसेच धरून ठेवले, जणू हे आपलेच आहेत ना याची खात्री करत होती. तिच्यामागून दोन पिल्लं निघाली. संध्याकाळपर्यंत झाड रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी, मशीन पोचायच्या आत, मी करवत लावली. ढोलीचा ओंडका उभा चिरला, तेव्हा तोंडाच्या कडेला जुन्या लिंपणांचे थर दिसले. एकावर एक, वेगवेगळ्या रंगांचे, चुलीच्या कडेला साचतात तसे. अकरापर्यंत मोजले. त्याखालचे बोट लावताच पीठ होत होते. आंध्र होतं तेव्हाचे, तेलंगण झाल्यावरचे, जिल्हा एक होता तेव्हाचे, चार झाले तेव्हाचा हा. तिचा पत्ता एकच राहिला होता, आणि तो मी आत्ताच चिरला होता.

"आता पुढच्या चैत्रात कुठं जाईन थे?" मी विचारलं.

म्हातारा म्हणाला, "तुलेच ठाऊक. गावोगावची पोकळ झाडं तूच तर ठोकून पाह्यलेली."

खरं होतं. कोसभराच्या आतली पोकळ झाडं मी मनात मोजली. राहिली होती तीन. बाकीची कुठं गेली, ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ट्रक भरेपर्यंत मी थांबलो नाही. त्या तीनांतल्या पहिल्या झाडाच्या मालकाकडं गेलो आणि सौदा मांडला, झाड मी घेतो, पण ते उभंच राहील.

"तोडायचं नाही, त मंग घेतो काऊन?" त्यानं संशयानं विचारलं.

मी कॅमेरा उघडून त्याला नर दाखवला, फट दाखवली, फटीतला डोळा दाखवला. तो बाजेवर बसून एकेक फोटो पाहत गेला. बायकोला हाक मारली, तीही पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली. दोघांनी फटीतला डोळा पुन्हा एकदा पाहिला.

मग त्यानं भाव वाढवला.