टाइम शेवटच्या माणसाचा

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, गाव शिरूर अनंतपाळ. माझ्या सेक्शनमध्ये नाईक सलीम होता, अर्धापूरचा. त्याच्या वडिलांचा तिथं केळीचा गाडा आहे. मी कंपनीचा क्रॉस कंट्री रनर. सलीम पळायला लागला की पीटी घेणारे उस्ताद घड्याळ खिशात ठेवून चहा मागवायचे.

फौजेत टीमच्या धावण्यात पहिला कोण आला याला किंमत नसते. शेवटचा माणूस रेषा ओलांडतो तेव्हा घड्याळ थांबतं, आणि तोच सगळ्यांचा टाइम. दर वेळी सलीम आमचा टाइम घालवायचा आणि मी त्याला नको नको ते बोलायचो. तो हसायचा. एकदा म्हणाला, "रिटायर होऊ दे. मुदखेड स्टेशनपासून अब्बाच्या गाड्यापर्यंत पळू. तिथं तुला हरवतो." मी कबूल झालो.

त्या हिवाळ्यात माझा डावा गुडघा दुखत होता. मी लपवला. एमआय रूममध्ये डॉक्टरांकडे गेलो असतो तर मेडिकल कॅटेगरी खाली आली असती आणि धावणं बंद. मूर्खपणा होता, दुसरा शब्द नाही. एका सकाळी ०६४० ला आमची गस्त निघाली, सात जण. ०९२० ला बर्फाखालच्या दगडावरून पाय घसरला, गुडघ्यात कट्‌कन वाजलं आणि मी बसलो तो उठलोच नाही.

आमच्या रेडिओवाल्यानं पोस्टला कळवलं, "अल्फा फॉर टायगर. एक कॅज्युअल्टी. चालू शकत नाही. ओव्हर."

पोस्टवरून उत्तर आलं, "हवामान खराब. हेलिकॉप्टर नाही. उचलून आणा. आउट."

बाकीचे पुढे वाट तुडवत होते, आळीपाळीने मला उचलत होते. सर्वात जास्त वेळ मी सलीमच्या पाठीवर होतो. मला इथंच ठेवा, अंधाराआधी पोचा, असं मी दोनदा सांगितलं.

"गप बस," तो म्हणाला. "टाइम शेवटच्याचा लागतो. लई शिकवलंस ना मला?"

१७१० ला आम्ही दोघं सगळ्यांच्या मागून पोस्टमध्ये शिरलो. मगच रेडिओवर रिपोर्ट गेला. सात गेले, सात आले.

पुढच्या हिवाळ्यात ऑपरेशन होऊन मी बेस हॉस्पिटलमध्ये पडून होतो. सेक्शन त्याच वाटेने गेलं आणि वरून बर्फाचा कडा कोसळला. सात गेले, सहा आले. आला नाही तो सलीम, आणि मी सोबत नव्हतो. याचा राग अजून आहे, गुडघ्यावरही आणि स्वतःवरही.

पेन्शनवर आलो. लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, धावणं विसरा, पोहत जा. आमच्या विहिरीत उन्हाळ्यात घोटा बुडत नाही, आणि हे म्हणे पोहा. फी दिली आणि घरी आलो. दिलेला शब्द पाळायचा होता, आणि तो याच गुडघ्यावर पाळायचा होता.

गेल्या दिवाळीनंतर सुरुवात केली. पहाटे ५ ला खाटेच्या पायाला सायकलची जुनी ट्यूब बांधून व्यायाम, मग तुरीच्या शेतांमधल्या रस्त्याने महिनाभर नुसतं चालणं. नंतर एक किलोमीटर पळणं, मग दोन, मग दहा. थंडीत गुडघा गंजल्या बिजागरीसारखा कुरकुरायचा. जानेवारीत सुजला. दहा दिवस घरात बसून मी सगळ्यांवर खेकसत होतो. बायको तव्यावर वाळू तापवून पुरचुंडीने गुडघा शेकायची. एक दिवस तिनं विचारलं, "एवढं कुणाला दाखवायलात?"

"सलीमला."

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याआधी उठून तिनं वाळू तापवली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ०६०० ला मुदखेड स्टेशनबाहेर मी घड्याळ सुरू केलं. दोन तास गुडघा शहाण्यासारखा वागला. अर्धापूरच्या केळीच्या बागा दिसायला लागल्या आणि तो अडकला, सरळच होईना. एका मोटारसायकलवाल्याने गाडी थांबवून, मामा बसा म्हणून आग्रह केला. मी नाही म्हणालो, जरा जोरातच. रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गुडघा दाबत दाबत सरळ केला आणि निघालो. पळणं म्हणा, लंगडणं म्हणा, पण थांबलो नाही.

०९०५ ला गाड्यापाशी पोचलो. अब्बांना सगळं आधीच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी स्टूल पुढे केलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळ बंद कर की बेटा. आलास ना."

"न्हाई अब्बा. शेवटचा माणूस यायचा हाय."

ते बराच वेळ केळी नीट लावत राहिले. मग म्हणाले, "लहानपणापासून सुस्तच हाय तो. येळ लागंल."

गाड्याखालून त्यांनी दुसरं स्टूल काढलं, माझ्या स्टुलाशेजारी ठेवलं आणि फडक्यानं पुसलं.