लुगडं येईपर्यंत

आई गेली त्या दिवशी मी कुणाचं ऐकायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. स्वतःवर चिडतो, एवढंच.

आईला विसरायचा आजार. एक डॉक्टर एक नाव सांगायचा, दुसरा दुसरंच. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ सांगितलं की नक्की काय ते माणूस गेल्यावर मेंदू तपासला तरच कळतं, आणि त्यासाठी पुण्यातच ब्रेन बँक आहे, मेंदू ठेवून घेऊन देह घरच्यांना परत देतात. आई तेव्हा बऱ्यापैकी भानावर होती. म्हणाली, "मग बघू दे की त्यांना. मागच्यांना तरी कळंल." फॉर्मवर तिनं स्वतः सही केली आणि वर मलाच दम दिला, "ऐन वेळी कच खाऊ नको."

पुढं ती मलाही ओळखेना. डिंभ्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून दिवसभर एकच, "माझा भाऊ आला का?" मामा राहायला जुन्नरपलीकडं मढला, एस.टी.चा काही नेम नाही, त्यामुळं दोन-तीन महिन्यांतून एखादी खेप व्हायची. आले तरी ती त्यांनाच विचारायची, माझा भाऊ कधी येणार म्हणून.

ती सकाळी गेली. ब्रेन बँकेला फोन केला तर म्हणाले, लवकर आणा, उशीर झाला तर उपयोग होत नाही. मंचरहून न्यायला गाडीही आली. पण आमच्यात बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, आणि ते आल्याशिवाय तिला घराबाहेर काढत नाहीत. चुलती दारातच उभी राहिली. "भाऊ भाऊ करत गेली बिचारी, अन् तू तिला भावाच्या आधी हलवतो? काही वाटतं का जिवाला?"

माझी मतीच गुंग झाली. सही करणारी आई खरी, का भावाची वाट बघणारी? दोघीही माझीच आई. मामांना फोनवर आई गेल्याचं सांगितलं, पण फॉर्मचं बोललो नाही. जुनं माणूस, बहिणीचं डोकं उघडणार म्हटल्यावर काय म्हणतील, या धास्तीनं जीभच रेटेना. गाडीवाल्याला दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा त्यानंच नको म्हटलं. बँकेचा फोन वाजत होता, मी उचलत नव्हतो. शेवटी उचलला तेव्हा पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, आता राहू द्या. गाडी रिकामी परत गेली.

मामा उन्हं कलल्यावर आले. आईला बघून उंबऱ्यातच थबकले. "ही अजून हितंच? पुण्याला न्हाई नेली?"

मामांना फॉर्मचं ठाऊक होतं. सही केली त्याच वर्षी भाऊबीजेला, भानावर असताना, आईनं त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं.

"म्हनून तर निवांत आलो," मामा म्हणाले. "जुन्नरला उतरून तीन दुकानं फिरलो, तिच्या आवडीचं बारीक काठाचं घेतलं. म्हटलं, ती पुण्यावरनं माघारी येईस्तोवर पोचतोय."

तुमच्यासाठीच थांबलो, असं मी कसंबसं म्हणालो. त्यांनी लुगडं चुलतीच्या हातात दिलं आणि माझ्याशेजारी टेकले.

"आमच्या आईलाबी असंच झालं व्हतं," म्हणाले. "अन् आज जुन्नरच्या स्टँडवर मला उमजंना, आपुन कुठं निघालोय. हातातलं लुगडं बघितलं, तवा ध्यानात आलं. हिच्यावरनं माझं कळंल, एवढ्या आशेवर व्हतो रं मी."