हौदाचे काम

मी आजवर जेवढ्या इमारतींचे नकाशे काढले, त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांनी मला शेवटी काही ना काही सुनावलंच. हुपरीच्या एका चांदीवाल्यांना बंगल्यावर घुमट हवा होता. तो त्यांच्या मते लहान झाला, म्हणून ते मला वास्तुशांतीला बोलवायचं विसरले. कागलच्या एमआयडीसीतल्या एका शेडच्या दारातून ट्रक आत जाईना, कारण दार बसवल्यावर मालकाने ट्रकच मोठा घेतला. तरी बोलणी मी खाल्ली. चकार शब्द न काढणारं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात एकच भेटलं. ती एक अस्वलीण होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला होते. शहराबाहेर प्राण्यांची एक छोटी बाग होती. मोर, कोल्हे, एक साळिंदर, एक मगर आणि ही अस्वलीण, एवढा तिथला संसार. मगर इतकी निश्चल पडून असायची, की ती खरी की सिमेंटची यावर लोक पैजा लावत आणि निकालासाठी तिला खडे मारत. अशा बागांनी पिंजरे मोडून जनावरांना मोकळ्या जागा बांधून द्याव्यात, असा दिल्लीहून हुकूम सुटला आणि ते काम आमच्या ऑफिसकडे आलं. आमच्या मालकांनी ते माझ्या गळ्यात बांधलं. "तुम्हा बायकांना जनावरांचं बरं कळतं," असं ते म्हणाले. माझा जनावरांशी आलेला संबंध म्हणजे शेजारच्यांचा पोपट, आणि तो मला शिव्या द्यायचा.

बागेचे साहेब जनावरांचे डॉक्टर होते आणि निवृत्तीला टेकले होते. त्यांचं म्हणणं एकच: फाटकाजवळच्या बाकावर बसून सगळी जनावरं एकदम दिसली पाहिजेत, कारण मोठे पाहुणे चालत नाहीत. मी नकाशात झुडपं काढायची आणि त्यांनी ती रबराने पुसायची, असा आमचा खेळ कित्येक आठवडे चालला. साळिंदराला मी दगडांची कपार काढून दिली तेव्हा तर ते कळवळलेच.

"अहो, हे आत जाऊन बसलं तर दिसणार कधी?"

"साहेब, साळिंदर दिवसा झोपतं. तुम्ही तर डॉक्टर आहात."

"मी डॉक्टर आहे हो. पण तिकिटं दिवसा फाडतात."

अस्वलिणीच्या बाबतीत मात्र मला थट्टा सुचत नसे. तिला एका मदाऱ्याकडून सोडवून आणलेलं होतं. वेसणीचं भोक नाकात तसंच होतं, पुढचे दात काढलेले होते. सिमेंटच्या फरशीवर लोखंडी गजांच्या आड ती उभी असायची आणि कुणी टाळी वाजवली की मागच्या पायांवर उठून, पुढचे पंजे लोंबते सोडून, या पायावरून त्या पायावर डुलायला लागायची. लोक खूश. पोरं घरूनच टाळ्या वाजवत येत. मदारी गेला, दोरी गेली, काठी गेली, तरी ही आपली नाचतच होती. डब्याचं झाकण वाजलं तरी उठायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी सरळ साळिंदराकडे निघून गेले. ते अर्थातच झोपलेलं होतं.

तिला सांभाळणारे मामा सीमेकडच्या एका गावचे, लिंगायत, कडक शाकाहारी. मगरीच्या मटणाला हात लावणार नाही असं त्यांनी नोकरीला लागतानाच बजावलं होतं. म्हणून भाकरी, गूळ आणि केळी खाणारी ही अस्वलीण त्यांच्या वाट्याला आली होती. ते तिला 'अक्का' म्हणायचे. "आमच्यातलीच हाय ती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे.

काम सुरू व्हायच्या आधी साहेबांनी आम्हां दोघांना बोलावून घेतलं. बांधकाम झालं की दिल्लीची माणसं तपासायला येणार होती, आणि अस्वलीण लोकांपुढे नाचताना दिसली तर तिला इथून हलवून कुठल्या तरी मोठ्या बागेत नेणार होती. तसं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. मामांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "ताई, तुमी कायबी बांदा. अक्काचं नाचनं तेवडं थांबाय पायजे."

घुमट लहान झाला तर शिव्या बसतात एवढंच. इथे पहिल्यांदाच मला रात्री झोप येईना.

मी मिळतील ती पुस्तकं चाळली आणि झटून नकाशा केला. गजांच्या जागी कोरडा खंदक, रात्रीची खोली, चढायला लाकडाचे ओंडके, माणसांच्या आणि तिच्या मध्ये करवंदीची झुडपं, आणि मधोमध पाण्याचा हौद. अंगाची आग होईल तेव्हा तिने पाण्यात बसावं, पाण्याशी खेळावं, म्हणजे नाचायचं विसरेल, असा माझा हिशेब. आमच्या मालकांचं म्हणणं होतं, 'वॉटर टँक' लिही. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. धडधाकट मराठी शब्द असताना मी टँक लिहिणं शक्यच नव्हतं. मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'हौदाचे काम'. पुढे वडिलांनी मला थंडपणे सांगितलं, की हौद हा शब्द अरबी आहे. पण ते पुढे.

ठेका मिळाला पेठ वडगावच्या एका पैलवानांना. कान फुटलेले, मान खांद्यात गेलेली, आवाज असा की कुजबुजले तरी मोर ओरडायला लागायचे. कुस्ती सुटली होती, पण पहाटेची तालीम सुटली नव्हती, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तालीम हाच त्यांचा इलाज होता. नकाशा समजावून देताना मी त्यांना म्हणाले, "पैलवान, ही नुसती उभी राहून नाचते. हिला मेहनत पाहिजे."

पैलवानांचे डोळे चमकले. "बास की ताई! आता कळलं बगा. मेहनत पायजे."

त्यांना काय कळलं, ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला बरं वाटलं, की एक तरी ठेकेदार पहिल्या झटक्यात समजला. आणि नेमकी त्याच आठवड्यात मी काविळीने अंथरुणाला खिळले.

उसाचा रस पिऊन पिऊन बरी झाले आणि बागेत गेले, तर खंदक झक्क झाला होता, खोली झाली होती, ओंडके होते. मधोमध, जिथे निळं पाणी लहरायला हवं, तिथे लालभडक माती होती. चाळलेली, भुसभुशीत, चारी कडांना सुबक कट्टा. आणि पैलवान मांडीपर्यंत धोतर खोचून त्या मातीत ताकाची घागर रिकामी करत होते.

"हे काय आहे?"

"हौदा! ताई, आसली माती पंचक्रोशीत न्हाय. हळद घातलीया, लिंबं पिळलीत, त्याल घातलंय, त्यात तुपाचीबी धार सोडलीया. कापूर तेवडा ऱ्हायलाय."

कोल्हापुरात कुस्तीच्या मातीला हौदा म्हणतात, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मी अस्वलासाठी आखाडा का काढीन, हे त्यांना कळू नये?

"मी हौद लिहिलं होतं. हौद! पाण्याचा!"

"काय वं ताई, तुमीच लिवलंय की, 'हौदाचे काम'. ह्यो काय कागद."

"हौदाचे हे हौदचं सामान्यरूप आहे! हौदा असता तर 'हौद्याचे' झालं असतं!"

पैलवान रिकामी घागर खाली ठेवून म्हणाले, "ताई, त्ये सामान्यरूप आता अस्वलालाच सांगा."

ध चा मा झाला होता आणि तोही मी एका काना-मात्रेची चूक केलेली नसताना. आजही त्या कागदाबद्दल मी माघार घ्यायला तयार नाही. मी साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "मला पैलवानांनी विचारलं होतं हो, हौदा कशाला म्हणून. मला वाटलं, हत्तीवर असतो तसला. म्हटलं, बाईंनी लिहिलंय तर असेल काहीतरी. मी काही अस्वलावर बसणार नव्हतो."

माती उपसून पाणी भरायचं ठरलं. पण जुना पिंजरा तोवर मोडून झाला होता, अस्वलीण अंधाऱ्या खोलीत कोंडलेली होती, आणि मामांना ते बघवत नव्हतं. त्यांनी साहेबांच्या पाठीमागे लागून दार उघडायला लावलं.

ती बाहेर आली आणि दारातल्या सिमेंटच्या पट्टीवर उभी राहिली. मातीवर पायच ठेवीना. तिथेच, जुना पिंजरा होता तेवढ्या जागेत, ती डुलत राहिली. मी इतकी शक्कल लढवून काढलेली मोकळी जागा समोर पसरलेली, आणि ही आपली अजून पिंजऱ्याच्याच मापाची. मला रडूच आलं.

आणि मग मुंग्या आल्या. पुस्तकांत न सापडलेली आणि पैलवानांच्या डोक्यातही न आलेली गोष्ट ही, की मातीत तूप आणि ताक ओतलं की पंचक्रोशीतल्या मुंग्यांना आमंत्रण जातं. कट्ट्यावरून रांगा लागल्या. एके सकाळी अस्वलिणीने नाक वर केलं, हवेत फिरवलं आणि एक पंजा मातीत टाकला. मग दुसरा. मग तिने जे उकरायला सुरुवात केली, ते कमरेएवढा खड्डा होईपर्यंत थांबलीच नाही. आधी फूऽऽ करून माती उडवायची, मग तोंड लावून सुर्रकन ओढायचं. बशीतून चहा पिणाऱ्या माणसांच्या पंगतीत ती सहज खपून गेली असती.

मी आनंदाने मामांकडे बघितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला होता. "ताई, अक्कानं मुंग्या खाल्ल्या."

"मामा, अस्वलं खातातच मुंग्या. वाळवीसुद्धा."

"आमच्यात न्हाईत खात," ते म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

माती उपसायचं नाव मग कुणी काढलं नाही. दिल्लीवाले विचारतील की हे काय, तर काय सांगायचं, या काळजीने साहेबांना पोखरलं. मी त्यांना एक शब्द करून दिला, मृत्तिकास्नान-कुंड. साहेबांनी तो पाठ करायचा प्रयत्न केला आणि ऐन वेळी 'मृतस्नान' म्हणाले. पण ते तपासणीच्या दिवशी.

दिल्लीची माणसं नेमकी रविवारी आली. बाग माणसांनी फुललेली. त्यांचे प्रमुख खंदकाच्या कडेला बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, की ही माती कशी तयार केली. पैलवान पुढे झाले आणि त्यांनी छाती काढून सगळी कृती सांगितली, कापरासकट. ते गृहस्थ लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची?

"माझी," साहेब, पैलवान आणि मी एकदम म्हणालो.

ते हसले, आणि तेवढ्यात गर्दीतून टाळी वाजली. एक वाजली, मग दहा वाजल्या. सहलीला आलेल्या एका कुटुंबाने तर तालच धरला. "नाच की गं! ऊठ, ऊठ!" दिल्लीच्या प्रमुखांनी पेन थांबवलं आणि ते आत बघायला लागले. मामा खंदकाच्या भिंतीला दोन्ही हातांनी धरून उभे होते, ओठ हलत होते.

अस्वलिणीने खड्ड्यातून मान वर काढली. तोंड मातीने लाल. तिने टाळ्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ती एक पाय उचलणार असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

फूऽऽ असा आवाज आला. डोळे उघडून बघते, तर ती पुन्हा खड्ड्यात, फक्त पाठ दिसत होती.

लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, डबे बडवले. पाठ हलली नाही. ताल धरणारे गृहस्थ चिडून मामांकडे आले. "ओ पावणं, लांबनं आलोय आमी, तिकीट काडून. ह्ये अस्वल काय करतंय का न्हाय?"

मामांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "न्हाय पावणं. आता काय करत न्हाय ती."