केसभर घट्ट

टर्नरच्या पोटात दुखायचं कारण म्हणजे त्याचा साडू. धाकट्या मेहुणीचा नवरा, पेशानं पोस्टमन. जन्मभर पत्रं वाटलेल्या या गृहस्थानं लोखंडाची ओबडधोबड कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, मागवून घरच्या घरी वाफेचं छोटं इंजिन बांधायला घेतलं होतं. खिडकीपाशी एक टेबल आणि तीन कानशी, एवढ्या भांडवलावर.

टर्नरनं कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर एकाच मापाचे बुश काढले होते. ते कुठल्या यंत्रात बसतात, हे त्याला कधी कुणी दाखवलं नाही. आणि हा टपाल्या अख्खं इंजिन करणार! बायकोसुद्धा बहिणीकडून आली की त्या इंजिनाच्या चाकाचंच कौतुक सांगत बसे. टर्नर नाक मुरडायचा. सिलिंडर कोरायची वेळ आली की घोडं अडेल, म्हणायचा, आणि वाट बघायचा.

घोडं अडलं. एका रविवारी साडू फडक्यात सिलिंडर गुंडाळून दारात हजर झाला, कारण टर्नरच्या मागच्या खोलीत जुना लेथ होता. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण टर्नरला त्या दिवशी फार गोड वाटली. तिच्यात आपल्या वाट्याला कोण येतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"दादा, सिलिंडर आणि पिस्टन तुम्हीच करा," असं म्हणून साडू खुशाल आत चहा प्यायला गेला. काम कसं करतात ते बघायचं नाही का, असं टर्नरच्या बायकोनं विचारलं. दादांच्या हातावर कसली नजर ठेवायची, असं म्हणून त्यानं दुसरा कप मागितला.

टर्नरनं सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत कोरला. पितळी पिस्टन मात्र केसभर घट्ट ठेवला. तापलं की पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं. म्हणजे सायकलच्या पंपानं हवा भरली तर इंजिन झकास फिरणार आणि वाफ लागली की अडकणार. मग सगळ्यांदेखत आपण उठायचं, पिस्टन जरासा घासायचा, इंजिन चालू करून द्यायचं. खरा कारागीर कोण, ते कळू दे एकदा सगळ्यांना.

वाफ भरायच्या दिवशी तो खिशात पॉलिश पेपर घेऊनच गेला. स्टोव्हवर बॉयलर तापला. चाक दहा-बारा वेळा फिरलं आणि थांबलं. टर्नर घसा खाकरून उठणार, तोच मेहुणीनं विचारलं, पिस्टन तर नसेल ना अडकला?

"पिस्टन दादांनी केलाय, तिथे चूक नसणार," साडू म्हणाला. "माझंच बेअरिंग वाकडं असेल."

त्यानं स्टोव्ह बंद केला. ज्या बेअरिंगसाठी दोन महिने खपला होता, ते सोडवून त्यावर कानस टेकवली.

टर्नरनं त्याचं मनगट धरलं. लाजेनं त्याचे कान तापले होते.

"तिथे हात लावू नका. पिस्टन घट्ट आहे. मीच तसा ठेवलाय."

"का?"

"माझ्यावाचून तुमचं इंजिन चालू नये म्हणून."

त्यानं खिशातून पॉलिश पेपर काढला. साडू त्या कागदाकडे बघत राहिला.

"घरूनच घेऊन आलात?"

टर्नरनं होकारार्थी मान हलवली. इंजिन निवल्यावर साडूनं पिस्टन काढून त्याच्या हातात दिला आणि टर्नर घासायला बसला. मेहुणीनं चहा आणला. साडू नको म्हणाला. त्यानं शेजारी स्टूल ओढलं आणि काम पुरं होईपर्यंत टर्नरच्या बोटांवरची नजर काढली नाही.