म्हसोबापुढची दुसरी वाटी

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. निवृत्त माणसाने आपल्या बढाया आवरत्या घ्याव्यात, असे आमच्या सौभाग्यवती मला नेहमी सुनावतात. पण या एका तपासाबद्दल मी कोणाचे ऐकून घेणार नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक डोंगर जळाला होता आणि तो जाळल्याच्या आरोपाखाली एक निरपराध बाई आत जाण्याच्या बेतात होती.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, धाड गावाच्या बाजूला, एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. गावाचे किंवा माणसांचे नाव मी लिहिणार नाही. गुन्हेगाराने शिक्षा भोगली आहे आणि बाकीच्यांना प्रसिद्धीची हौस नाही.

जंगल राखणे म्हणजे खाकी कपड्यातला गार्ड आणि त्याची सायकल, एवढेच मला नोकरीच्या सुरुवातीला माहीत होते. या गावाने मला पुढचे शिकवले. राज्य सरकार अर्थसंकल्पातून वनविभागाला पैसा देते आणि त्यातला काही गावच्या वन समितीमार्फत खर्च होतो. रोपे लावणे, त्यांची निंदणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे, उन्हाळ्यात आगीवर पहारा आणि त्याआधी जाळरेषा. जाळरेषा म्हणजे जंगलाच्या कडेचा गवताचा पट्टा माणसांनी उभे राहून मुद्दाम जाळून टाकायचा, म्हणजे बाहेरची आग आत शिरत नाही. हा पैसा एकरकमी मिळत नाही. दरवर्षी मोजणीवाले येतात, किती रोपे जगली ते पाहतात आणि मग पुढचा हप्ता सुटतो. थोडक्यात, झाड जगले तर पैसा आणि पैसा आला तर झाड.

या गावच्या समितीची अध्यक्ष एक बाई होती. वांगी-मिरची पिकवून धाडच्या बाजारात विकणारी, पन्नाशीची, जिभेने तिखट. तिने गावात कुऱ्हाडबंदी केली, स्वतःच्या दिराच्या शेळ्या रोपवनातून हाकलल्या आणि त्यापायी दोन वर्षे दिराशी अबोला धरला. उघडा बोडका डोंगर तिच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला होता.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, धाडच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी रोपवनाला आग लागली. गाव जीपांत बसून बाजाराला गेलेले. परत येईतो रोपवनाचा कोळसा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीलाच वनपाल ठाण्यात आले, चेहरा काळवंडलेला. फिर्याद नोंदवली, स्टेशन डायरीला नोंद झाली, आरोपी अज्ञात. वनपालांनी एक गोष्ट सांगितली ती मी मनात ठेवली. पुढच्याच आठवड्यात मोजणीवाले येणार होते.

त्याच दिवशी ठाण्यातला फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही, आवाज रुमालातून आल्यासारखा.

"अध्यक्षबाईच्या गोठ्यात जा साहेब, अन् आढ्याले पाहा. आमच्या गावात जो डोंगराले आग लावते, त्याच्या घरी नारळाची वाटी टांगलेली राह्यते." एवढे बोलून फोन बंद.

निनावी फोनवर माझा फारसा विश्वास नसतो. फोन करणाऱ्याला न्यायाची चाड क्वचित असते, बहुतेकदा त्याला कोणाचा तरी काटा काढायचा असतो. तरी खात्री करणे भाग होते. मी आमच्या हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार देऊळघाटचा. कामाला वाघ, पण चढ दिसला की त्याचे गुडघे दुखायला लागत.

गोठ्यात आढ्याला सुतळीने खरोखरच नारळाची वाटी टांगलेली होती. खाली नुकती व्यालेली म्हैस आणि तिचे पारडू. बाजाराच्या दिवशी ही बाई गावातच होती, म्हैस अडली म्हणून बाजाराला गेली नव्हती. म्हणजे आग लावायला हात मोकळे होते, असे कोणीही म्हणू शकले असते. मी तिला सरळ विचारले, ही वाटी आग लावणाऱ्याची असते का. ती जराही कचरली नाही.

"हाव, माहीच हाय. जाळरेषेची आग यंदा म्या लावली, सारं गाव हजर होतं. पण डोंगर म्या लेकरावाणी वाढवला साहेब, मी काऊन जाळीन त्याले?"

मग तिने गावची रीत सांगितली. जाळरेषेची काडी ओढण्याआधी ओढणाऱ्याने डोंगरावरच्या म्हसोबाभोवतीचे गवत काढून जागा स्वच्छ करायची आणि नारळ फोडायचा. डोळे असलेली वाटी देवापुढे उपडी घालून वर दगड ठेवायचा, म्हणजे माकडे नेत नाहीत. दुसरी वाटी घरी आणून गोठ्यात टांगायची, पाऊस पडेपर्यंत उतरवायची नाही; पाऊस पडला की दोन्ही वाट्या पाण्यात सोडायच्या. घरच्या छपराखाली वाटी असली की आग सांगितल्या जागी थांबते. नसली तर ती लावणाऱ्याचे घर शोधत येते. एरवी त्या म्हसोबापुढे नारळ फोडतच नाहीत, बाकीचे नैवेद्य खाली वेशीवर.

गावात तोवर कुजबूज सुरू झाली होती. एक अर्ज तर माझ्या आधी तालुक्याला पोचलाही होता: बाईला अटक करा, समिती बरखास्त करा. तिच्यावर गुन्हा लागला असता तर ती तुरुंगात गेली असतीच, शिवाय समिती मोडली असती आणि सरकारी हप्ता कायमचा थांबला असता. ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते. दारात उभी राहून ती एकसारखी डोंगराकडे पाहत होती.

मी ती वाटी पंचनामा करून ताब्यात घेतली आणि हवालदाराला म्हटले, चला वर. त्याने गुडघ्याला हात लावला, पण निघाला.

म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. आजूबाजूला सगळीकडे काळी राख, पण दगडाभोवती गोलाकार जागा अगदी साफ, तिथे राखेचा कणही नाही. गवत मुळापासून उपटलेले. देवापुढे दगडाखाली उपड्या वाट्या होत्या दोन. एक उन्हाने पांढुरकी पडलेली, दुसरी अजून तपकिरी, कडेला खोबऱ्याचा ओला वास.

"एकाच नारळाच्या असतीन साहेब," हवालदार म्हणाला.

मी दोन्ही उलट्या करून पाहिल्या. दोन्हींना डोळे होते. नारळाला डोळे एकाच बाजूला असतात, हे माहीत असायला पोलीस असण्याची गरज नाही. म्हणजे नारळ दोन, म्हणजे आगी दोन. गोठ्यातली वाटी मी पांढुरक्या वाटीला लावली. काठाला काठ बरोबर बसला. तपकिरीला लावली, बसेना. बाई खरे बोलत होती. तिची आग ती जाळरेषेची. दुसरी आग लावणारा दुसराच कोणीतरी होता, आणि फोन करणाऱ्याने मला हे शोधायला स्वतःच्या तोंडाने वाट दाखवली होती.

डोंगर जाळायला निघालेला माणूस, चोरून, बाजाराचा दिवस साधून आलेला, आणि तरी आधी म्हसोबाभोवतीचे गवत उपटून नारळ फोडतो. बाहेरच्या माणसाला ही बुद्धी झालीच नसती. माझा माणूस गावातलाच होता.

मग मी जळालेल्या रोपवनात ओळीओळीने फिरलो. खालच्या अंगाला प्रत्येक खड्ड्यात जळके खुंट होते, साग, अंजन, काही बांबू. वरच्या अंगाला मात्र खुंट नव्हते, खड्डेही नव्हते. सपाट जमीन, नुसती राख. वनपालांना विचारले तर ते म्हणाले, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावण्याचे काम वरच्या अंगालाच होते आणि ते गावातल्याच एका मजूर ठेकेदाराने घेतले होते. त्या कामाचे पैसे त्याने उचलले होते. अध्यक्षबाईने ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगितले होते की यंदा मोजणीवाल्यांबरोबर ती स्वतः एकेका ओळीने चालणार.

त्यावर जास्त बोलण्याची गरज नव्हती.

ठेकेदाराला रीतसर नोटीस देऊन बोलावले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन मोबाइल, बरोबर दोन माणसे. माणसांना मी बाहेर बसवले. घाईने प्रश्न विचारणारा अधिकारी आरोपीला उत्तरे शिकवतो, असे माझे मत आहे. मी चहा मागवला. बाजारात वांग्याला काय भाव होता, जीप कोणाची होती, हेच विचारत राहिलो. त्याची उत्तरे तयार होती. तो दिवसभर बाजारात होता, आणि सकाळी व संध्याकाळी त्याला तिथे पाहणारे लोकही होते. दुपारचे कोणी बोलत नव्हते.

मग मी टेबलाचा खण उघडून डोंगरावरून आणलेली तपकिरी वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती पाहिली आणि चटकन चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

"कोणाची ही?"

"मले काय माहीत साहेब."

मी हवालदाराकडे वळून, त्याला सांगत असल्यासारखा बोललो. ज्याची कोणाची आहे तो देवाधर्माला विचारणारा दिसत नाही. दुसरी वाटी त्याने वाटेतच नाल्यात भिरकावली असणार. गावातले म्हणतात, आता आग त्याचे घर शोधत येईल. येऊ दे बापडी, आपल्याला काय.

ठेकेदाराने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मग शेंडीला कोणी हिसका दिल्यासारखा तो बोलून गेला.

"फेकीन कसा साहेब? घरात लहान लेकरू हाय माह्या."

हवालदाराने पेन खाली ठेवले. ठेकेदाराने दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले.

आता वाचकांना एक गोष्ट सांगतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. पण आरोपीने सांगितलेल्या जागी वस्तू निघाली तर तेवढा भाग टिकतो. म्हणून मी लगेच दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर त्याचे निवेदन नोंदवून घेतले. त्याच्या गोठ्यात, सरकी ढेपेच्या पोत्यांमागे, फडक्यात गुंडाळलेली वाटी निघाली. बाईवर आळ घ्यायचा म्हणून त्याला ती आढ्याला टांगता येईना, आणि लेकराची भीती म्हणून फेकवतही नव्हती. पंचांसमोर दोन्ही वाट्या जुळवल्या. अशा बसल्या की मधून सूत जाईना. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो कुठल्याही पदकाने झाला नाही. मी हवालदाराच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचे गुडघे दुखायचे थांबले, असे तो पुढे कित्येक दिवस सांगत होता.

बाकीचे त्याने भडाभडा सांगितले. रोपे आणलीच नव्हती. मोजणी झाली असती तर उघडा पडला असता. रोपवन जळाले की मोजायला काही उरत नाही, आणि दोष बाईच्या डोक्यावर गेला की ओळीओळीने चालायलाही कोणी उरत नाही. दुपारी बाजारातून मोटारसायकलवर येऊन त्याने काडी लावली होती. फोनही त्याचाच, तालुक्याला गेलेला अर्जही त्याचाच.

मी स्वतः जाऊन अध्यक्षबाईला सांगितले. वाटले होते, ती रडेल किंवा ठेकेदाराला शिव्या घालेल. तिने आधी विचारले, "मंग आता मोजणीवाले येतीन ना?"

मोजणीवाले आले. थोडे उशिरा आले ते बरेच झाले, कारण तोवर खालच्या अंगाच्या जळक्या खुंटांना बुडातून लालसर कोंब फुटले होते. साग असा सहजी मरत नाही. बाई ओळीने पुढे चालत होती आणि प्रत्येक कोंबावर बोट ठेवत होती. मी गणवेशात, काहीही काम नसताना, मागे मागे चाललो. समितीचा दोष नाही असा अहवाल गेला. पुढचा हप्ता गावाला मिळाला, वरच्या अंगाला समितीनेच खड्डे खणून रोपे लावली. यथावकाश कोर्टाने ठेकेदाराला शिक्षा सुनावली आणि उचललेला पैसा वसूल झाला. त्या दोन वाट्या मुद्देमाल म्हणून कोर्टात हातोहात फिरल्या तेव्हा न्यायाधीशांनीही त्या एकदा जोडून पाहिल्या.

पुढच्या वर्षी जाळरेषेला गावाने मला बोलावले. म्हसोबापुढे मी नारळ फोडला, काडी मी ओढली. डोळ्यांची वाटी देवाला दिली. दुसरी बाईने माझ्या हातात ठेवली आणि टांगा म्हणाली. माझ्याकडे गोठा नाही, मी सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, असे मी सांगितले.

"ठाण्यात टांगा मंग," ती म्हणाली. "तेबी तं तुमचं घरच हाय."

ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे, भिंतीच्या खिळ्याला ती वाटी टांगली. वार्षिक तपासणीला वरिष्ठ आले, त्यांनी हे काय म्हणून विचारले. मी म्हणालो, साहेब, वनसंरक्षण. ते हसले आणि शेरा न मारता गेले.

या तपासाने मला काय शिकवले? सरकार डोंगरासाठी पैसा पाठवते आणि तो पाठवलाच पाहिजे, त्याशिवाय खड्डाही खणला जात नाही. पण त्या पैशाची राखण गावात कोणी करत असेल तर पोलिसाचे पहिले काम त्या माणसामागे उभे राहण्याचे आहे. आणि संशय घेताना माणूस कशाला भितो ते आधी पाहावे. ठेकेदार मला भ्याला नाही, कायद्यालाही नाही.

मी आता बुलढाण्यात राहतो. दर उन्हाळ्यात जाळरेषा झाली की बाई धाडच्या एसटीने येते, पिशवीत वांगी आणि वर नारळाची वाटी. काडी आता गावातल्या सुना ओढतात, पण एक जास्तीचा नारळ माझ्या नावाने फुटतो. यंदाची वाटी परवाच आली. ती गॅलरीत टांगली आहे आणि पाऊस पडेपर्यंत कोणी उतरवायची नाही, असे मी सौभाग्यवतींना बजावले आहे.