लपलेल्याचा फासा

माझा दादा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हा वरच्या खोलीत बर्नरवर मेण मऊ करून त्यात एकेक दात बसवायचा. अर्ध्या शहराच्या तोंडात त्याचे दात आहेत, आणि तीच तोंडं त्याच्याबद्दल वाकडं बोलतात, कारण दादा एक नंबरचा हेकट. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "तुला एकटीला सहन करतोय ते पुरे नाही का?"

रविवारी दुपारी मात्र तो माणसात यायचा. कामाचं टेबल पुसून आम्ही चौघं गोष्टीचा खेळ मांडायचो. गोष्ट दादा सांगणार. तटबंदी, भुयारं, पहारेकरी सगळं त्याच्या डोक्यात. आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं. प्रत्येकाचं माणूस कागदावर उतरवलेलं, त्याचं बळ किती, चपळाई किती. काही धाडस करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. बोका, म्हणजे आमचा वायरमन, तो चोर. गणिताच्या निवृत्त बाई, त्या तलवारबाज. आणि मी वैदू, कारण मी औषधाच्या दुकानात काम करते आणि दादाला माझ्यासाठी दुसरं काही सुचलं नाही.

भांडण झालं ते लपण्यावरून. बोक्याला पहाऱ्यातून सरपटत जायचं होतं. त्याने फासा टाकला, दोन पडले. लगेच म्हणाला, "मग मी नाही जात, इथंच थांबतो." दादा असा भडकला की चहा सांडला. "अरे गाढवा, अंधारात लपलेल्या माणसाला कळतं का आपण दिसतोय ते? त्याला वाटतं आपण लपलोय. दिसलो ते कळतं मानेवर हात पडल्यावर!"

पुढच्या रविवारी त्याने पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा करून आणला आणि नियम सांगितले. लपणाऱ्याचा फासा दादा आडोशामागे टाकणार आणि आकडा कुणालाही सांगणार नाही. कुणी शोधतच नसेल, तर फासा टाकायचाच नाही; लपलेला लपलेलाच. आणि सगळ्यात कडक नियम: खुर्चीतल्या माणसाला कळलं म्हणून कागदावरच्या माणसाला कळत नाही. बोक्याच्या मागे मारेकरी उभा आहे हे मला दिसत असलं, तरी माझ्या वैदूला जर तो दिसत नसेल, तर मी मूग गिळून बसायचं. बाईंनी एकदा नुसती भुवई उडवली, तर दादाने त्यांना डाव संपेपर्यंत जिन्यात बसवलं. साठी उलटलेल्या बाई, मुकाट्याने बसल्या बिचाऱ्या. सहा वर्षं आम्ही हे पाळलं. आम्हाला त्याचा अभिमान होता, काय सांगू! बाहेरचं कुणी खेळायला आलं आणि मधेच बोललं, की आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसायचो.

माझी खुर्ची दादाच्या डाव्या हाताला. आडोशामागे बघायचं नाही असा दंडक होता, पण डोळे काय बांधून ठेवू? दीड वर्षापूर्वी बोक्याचा चोर राजवाड्याच्या गच्चीवर लपला होता. दादाने फासा टाकला. तो घरंगळत त्याच्या डाव्या कोपरापाशी थांबला. एकोणीस. दादा समोर बघत होता. मग तळहात टेबलावरून फिरवला, एकदा, दोनदा. फासा कोपराला लागून होता, तरी हाताला गावला नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "पहारेकऱ्याने पाहिलं. बाण छातीत."

बोक्याचा चोर मेला. इतकी वर्षं जपलेला.  बोक्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. जिना उतरताना म्हणाला, "ताई, दादांना फासा दिसतच नाहीये ना?"

बाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात दाराच्या चौकटीवर आपटले होते. मी बघितलं."

तिघांनाही माहीत होतं. तिघांनीही आपापल्या खुर्चीत बसून पाहिलं होतं आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. तिथेच, जिन्यात, आम्ही ठरवलं की बोलायचं नाही. बाई म्हणाल्या, त्यांचा मान राहू दे. बोका म्हणाला, कवळ्या करणाऱ्याच्या नजरेची बातमी बाहेर गेली तर माप कोण पाठवेल? मी काय म्हणाले? मी म्हणाले, "त्याला आवडायचं नाही." खरं सांगायचं तर मी त्याच्या तोंडाला भ्यायले. खेळ बंद करील, हाकलून देईल, म्हणून भ्यायले.

मग सुरू झाली आमची चलाखी. चहाचा पेला त्याच्या नाकासमोर ठेवायचा. स्टूल वाटेतून आधीच सरकवायचं. बोक्याने डाव्या बाजूला जास्तीचा दिवा लावून दिला, "सहज, तार उरली होती" म्हणून. बाईंनी जाडजूड फासा भेट दिला. दादा आकडे मनाने सांगायचा, आम्ही ते खरे मानायचो. घरी जाताना वाटायचं, किती सांभाळून घेतो आपण याला. शाबासकी घ्या!

आणि रोज सकाळी दुकानात मी लोकांना डोळ्यांत घालायचे थेंब द्यायचे. माझ्या खांद्याच्या उंचीवर, तिसऱ्या फळीवर, ती बाटली. "रोज घाला हं आजी, चुकवू नका," असं मी परक्यांना दटावून सांगायचे.

मागच्या महिन्यात दादाचा हात भाजला. बर्नर डावीकडे पेटलेला होता आणि याने बाही त्यातच घातली. मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या डोळ्यांच्या बाजूला बोट हलवून बघितलं आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

काचबिंदू. यात बाजूची नजर आधी जाते, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, समोरचं शेवटपर्यंत राहतं, म्हणून हातातलं काम चालू राहतं. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्यात कुलपाच्या भोकाएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही. "वर्षभरापूर्वी आणलं असतं तर थेंबांवर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी चपलांकडे बघत बसले.

घरी आल्यावर दादा कामाच्या टेबलाशी बसला. एक अर्धवट कवळी पुढ्यात होती, ती उचलून परत ठेवली. म्हणाला, "मला कळत होतं काहीतरी बिनसलंय. पण वाटलं, कुणाला दिसत नाहीये." मग माझ्याकडे वळला, म्हणजे सगळी मानच वळवली. "तुला कधी कळलं?"

"दीड वर्ष झालं."

"बोक्याला?"

"त्यालाही. बाईंनाही."

"आणि कुणी बोललं नाही?"

तेव्हा मी जे बोलले त्यासाठी माझी जीभ झडायला हवी होती. मी म्हणाले, "तूच शिकवलंस ना, खुर्चीतल्याला कळलं तरी—"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "अगं, तो खेळ होता."

आता माप येणं बंद झालंय. बोक्याने बर्नर काढून नेला. दिवसातून दोनदा मी त्याच्या डोळ्यांत थेंब घालते. तो मान मागे टाकतो आणि थेंब पडले की तोंड फिरवतो.

रविवार मात्र त्याने सोडला नाही. आडोसा फाडून टाकला. फासा आता मी टाकते, सगळ्यांसमोर, आणि मोठ्याने वाचते. काल पहिलाच टाकला. मी म्हटलं, "अकरा." दादा हात पुढे करून थांबला. मी फासा तळहातावर ठेवला. त्याने तो उजव्या डोळ्यापाशी नेला, फिरवत फिरवत अंक शोधला, आणि अकराच आहे हे बघितल्यावर म्हणाला, "हं. पुढे."

प्रत्येक फाशाला त्याने हात पुढे केला. बाई आणि बोका टेबलाकडे बघत बसले होते.